पातं लांब ठेव

दाढीचं पातं, तारेची घासणी, पॉलिश पेपर आणि थिनरची बाटली आधी माळ्यावर टाकून ये, मग सायकलपाशी बस. जुन्या सायकलींचा रंग गंजाने जेवढा गेला नसेल तेवढा हौशी नातवंडांनी घालवलाय.

अण्णांच्या या हर्क्युलसवर तीस-चाळीस वर्षांत ज्याने त्याने काय काय चिकटवलंय बघ. गणपती, शाळेचं नाव, कुठल्याशा निवडणुकीचं चिन्ह, मागे रेडियमची पट्टी. ते सगळं काढायचंच आहे. पण काय काढायचं नाही हे आधी ठरव. डोळे मीट आणि दांडीवरून अंगठ्याचं नख हळू फिरव. जिथे नख अडतं तिथे स्टिकर. जिथे अक्षरं दिसतात पण नखाला काहीच लागत नाही, तिथे कंपनीचं ट्रान्सफर. कागदावर छापलेली रंगाची पातळ साय नळीवर चिकटवायची, ओल्या बोटाने कागद सरकवून काढायचा आणि वरून व्हार्निशचा हात द्यायचा, अशी ती रीत. हर्क्युलस मूळची बर्मिंगहॅमची. १९४९ साली मद्रासला टीआय सायकल्स निघाली आणि पुढे ती इथेच बनू लागली. कुठे बनली ते सांगणारी बारीक अक्षरं या ट्रान्सफरमध्ये शाबूत असली, तर तोच सायकलचा जन्मदाखला. तो खरवडून टाकलास तर पुन्हा कुठे मिळायचा नाही. मडगार्डवरच्या सोनेरी रेघा आणि मागच्या मडगार्डच्या टोकाचा पांढरा पट्टाही कंपनीचाच. नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला अजून टिकला असेल तर तोही असू दे.

आता रंग कुठला ते बघ. कंपनीचं काळं इनॅमल भट्टीत भाजलेलं असायचं, ते दणकट. पण मधल्या काळात कुणी दसऱ्याला हौसेने ब्रशने ऑइलपेंट फासला असेल, तर तो स्टिकरबरोबर पोपडा होऊन निघेल. टवका उडालेल्या जागी वाकून बघ, थर मोजता येतात. गोंद काढायला जे तेल वापरणार असशील ते पांढऱ्या कापसावर घेऊन पायडलच्या आसाखाली, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे चोळ. कापूस नुसता मळला तर ठीक. मळ निघून गेल्यावरही पुन्हा पुन्हा रंग उतरत राहिला, किंवा जागा बोटाला मऊ लागली, तर ते तेल बाद. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर ही परीक्षा द्यायलासुद्धा नकोत. स्पिरिट आणि सॅनिटायझरही नको, जुनं व्हार्निश त्याने विरघळू शकतं.

मग ऊन. सायकल दुपारी दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेव, काळी नळी हाताला चटका देईल इतपत. पावसाळा असेल तर केस वाळवायचं यंत्र चालेल, पण ते वीतभर लांबून आणि सारखं हलवत. रंग उडवायची ती मोठी हीट गन आणू नकोस. गोंद मऊ झाला की स्टिकरचा एक कोपरा नखाने उचल आणि तो वर ओढण्याऐवजी स्टिकरवरच उलटा दुमडून, नळीला घासत मागे मागे ने. वर ओढलंस की रंगही वर येतो. घाई करायची नाही, दाढ काढत नाहीयेस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोळे फ्रेमवर नकोत, निघालेल्या स्टिकरच्या पाठीवर हवेत. पाठ पिवळट, चिकट दिसली की सगळं बरोबर चाललंय. तिथे सोनेरी ठिपका किंवा काळी कपची दिसली की हात तिथेच थांबव. खाली ट्रान्सफर आहे किंवा रंग सुटतोय. एवढा तुकडा राहिला तर राहू दे, कात्रीने कड नीट कापून टाक.

कागदी स्टिकरला ऊन लागत नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर अर्धा तास गुंडाळून ठेवलं की कागदाचा लगदा बोटाने निघतो. मात्र शेजारी ट्रान्सफर असेल तर पाणी तिकडे जाऊ देऊ नकोस. रेडियमची पट्टी फार वात आणते. ती वर्षानुवर्षं तापून कडक झालेली असते, ओढली की तिच्या बारीक कपच्या पडतात. ती आधी तेलाने भिजव, एक रात्र जाऊ दे, आणि सकाळी बांबूच्या कामटीने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने कपची कपची सरकव. कामटीची धार झिजत गेली की बरंच, रंग वाचतो.

खरं भांडण स्टिकरशी नसतंच, गोंदाशी असतं. वरचा कागद पाच मिनिटांत जातो आणि मागे तो धूळ धरणारा काळा चिकटा राहतो. तिथेच माणसं पातं हातात घेतात. त्यावर खोबरेल तेल लाव, जुन्या बनियनचा तुकडा वर गुंडाळ आणि चहा पिऊन ये. थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा बाटली आधी उन्हात ठेव. नाहीच ऐकलं तर निलगिरीचं तेल, कापसावर चार थेंब. तेही पुरलं नाही तर घासलेट, आता मिळालं तर. ते मोकळ्या हवेत वापर, गॅस-निरांजनापासून लांब. चिकटा गोळा होऊन फडक्याला लागू लागला की फडकं फिरवत राहा, नाहीतर इथला गोंद तिथे पसरतो. बेकिंग सोडा तेलात कालवायचं कुणी सांगेल. तो चकाकी ओरखडतो, ऐकू नकोस.

शेवटी रिठ्याच्या कोमट पाण्याने तेलाचा ओशटपणा धुवून काढ आणि लगेच कोरडं पूस, टवक्यांच्या कडा तर जास्तच. स्टिकरखालचा रंग आजूबाजूपेक्षा काळाभोर दिसेल. ती जागा खराब नाही, बाकीची सायकल उन्हाने फिकी पडलीय. पॉलिशिंग कंपाउंड लावून दोन्ही एकसारखं करायचा मोह होईल. मी तरी करणार नाही. केलंसच तर रेघा आणि अक्षरं यांपासून चार बोटं लांब राहा, सोनेरी रेघ दोन फटक्यांत जाते. त्यापेक्षा गाडीचं साधं मेण पातळ लाव आणि सोडून दे.

आणि हो, हे सगळं करताना रिमवर वर्तमानपत्र गुंडाळून ठेव. या सायकलचे ब्रेक दांड्यांचे, त्यांची रबरं रिमच्या आतल्या बाजूला दाबतात आणि चिमट्यावरून ओघळलेलं तेल नेमकं तिथेच जातं. अंगणात दोन फेऱ्या मारून दोन्ही ब्रेक दाबून बघ, मगच रस्त्यावर काढ.