कड्यावरची जुनी झाडे

मसाल्यात आपण दगडफूल घालतो. पण ते कशाचे फूल, ठाऊक आहे का? ते फूलच नव्हे! त्यात दोन जीव एकत्र नांदतात. एक बुरशी आणि दुसरे हिरवे शेवाळ. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हात अन्न तयार करते. असा दोघांचा संसार चालतो. म्हणून जिथे गवतही उगवत नाही, तिथे उघड्या दगडावर ते जगते. वाढते मात्र फार हळू. याच्या पुष्कळ जाती आहेत. आपण सर्वांना दगडफूलच म्हणू.

दगडफुलांचा अभ्यास करणाऱ्या एका माणसाची हकीकत आम्ही सांगतो. त्यांचे नाव डग्लस लार्सन. कॅनडा या दूरच्या, थंड देशात ग्वेल्फ नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात ते वनस्पतींचे शास्त्र शिकवीत. ऊन, वारा आणि कोरड यांत दगडफूल कसे तगते, हे त्यांनी मोजून पाहिले.

पुढे त्यांचे लक्ष कड्याकडे गेले. त्या भागात नायगारा नावाचा कडा शेकडो मैल पसरला आहे. त्यावर खुरटी, वेडीवाकडी झाडे लोंबत होती. आपल्याकडच्या मोरपंखीच्या कुळातली. कडा म्हणजे ओसाड जागा, तिथे काय पाहायचे, असेच सारे समजत. लार्सन आणि त्यांचे विद्यार्थी मात्र दोर बांधून कड्यावर उतरले.

झाडाचे वय कसे कळते? तिकडे खोडात दर साली एक गोल रेघ उमटते. पोकळ गिरमिटाने खोडातून बारीक काडी काढतात. झाड तोडावे लागत नाही. काडीवरच्या रेघा मोजल्या की वय कळते.

१९८८ साली रेघा मोजल्या आणि सगळे थक्क झाले. मनगटाएवढी झाडे, पण वय शेकडो वर्षे! पुढे हजार वर्षांहून जुनी झाडेही सापडली. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्याही आधीची!

ती टिकली कशी? कड्यावर माती थोडी, म्हणून वाढ सावकाश. पण तिथे कुऱ्हाड पोचली नाही आणि वणवाही पोचला नाही. खालचे रान तुटले, तिथे शेते झाली. कड्यावरचे रान राहिले.

मग हौसेने कडे चढणारे लोक येऊ लागले. वाटेत आलेल्या फांद्या तुटल्या. दगडफूल घासून गेले. चढणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते. हे झाड एवढे जुने आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते. लार्सन यांच्या विद्यार्थ्यांनी हे नुकसानही मोजून लोकांपुढे मांडले.

हजार वर्षांचे झाड तोडायला घटकाभर पुरते. तेव्हा खुरटे दिसले म्हणून निकामी म्हणू नये. आधी नीट पाहावे, मग कोयता उचलावा.

प्रश्न
१. दगडफुलात कोणते दोन जीव राहतात?
२. झाड न तोडता त्याचे वय कसे मोजतात?
३. तुमच्या गावातले सर्वांत जुने झाड कोणते? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.