दुर्बीण असूनही डार्ट वाघाच्या पाठीवरून का गेला?

प्रश्न : आमच्या गावाजवळ वाघाला बेशुद्ध करून नेले. पहिला डार्ट त्याच्या पाठीवरून गेला, दुसरा लागला. बंदुकीवर शिकारी रायफलीसारखी दुर्बीण होती. मग नेम चुकला कसा? दुर्बिणीचे वरचे बटण फिरवून तो तिथल्या तिथे सुधारता येत नाही का?
— एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : बटण फिरवता येते, पण त्या क्षणी ते फिरवू नये. का, ते समजण्यासाठी आधी बंदुकीतून काय सुटते ते पाहू.

रायफलीची गोळी सेकंदाला साधारण सातशे मीटर वेगाने जाते. शंभर मीटर अंतर कापेपर्यंत ती जेमतेम दहा सेंटिमीटर खाली येते. बेशुद्धीच्या बंदुकीतून मात्र गॅसच्या दाबाने औषध भरलेली सिरिंज, म्हणजेच डार्ट, सुटते. तिच्या मागच्या कप्प्यात दाबलेली हवा असते आणि सुईच्या बाजूच्या छिद्रावर रबरी टोपण असते. सुई कातड्यात शिरली की टोपण मागे सरते आणि औषध स्नायूत जाते. ही सिरिंज वेगाने आदळली तर जनावराला इजा होते, म्हणून तिचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. तो सेकंदाला साठ मीटर धरा. वीस मीटरवर पोहोचेपर्यंत डार्ट नळीच्या सरळ रेषेपेक्षा सुमारे ५५ सेंटिमीटर खाली आलेला असतो आणि तीस मीटरवर सव्वा मीटरच्या आसपास.

दुर्बिणीतून दिसते ती सरळ रेषा आणि डार्ट जातो वाकड्या वाटेने. या दोन रेषा जिथे मिळतात, त्या अंतरापुरताच नेम बिनचूक असतो. वीस मीटरवर जुळवलेली बंदूक त्याच दाबावर तीस मीटरवरच्या वाघावर झाडली, तर डार्ट नेमापेक्षा ३५ ते ४० सेंटिमीटर खाली जाईल. म्हणजे मांडीऐवजी पोटाखालून. तुमच्या गावात उलटे झालेले दिसते. वाघ वाटला त्यापेक्षा जवळ असेल किंवा गॅसचा दाब लांबच्या अंतरासाठी चढवलेला असेल, तर डार्ट पाठीवरून जातो. बांबूच्या रांजीत किंवा उभ्या धानाच्या कडेला नजरेने अंतर ओळखणे कठीण. दहा मीटरचा फरक सहज पडतो.

आता बटणाकडे वळू. शिकारी रायफलीच्या बहुतेक दुर्बिणींत बटणाच्या एका टिचकीने शंभर मीटरवर नेम सात मिलिमीटर सरकतो. तीस मीटरवर तीच टिचकी फक्त दोन मिलिमीटरचा फरक पाडते. म्हणजे वरची ३८ सेंटिमीटरची चूक काढायला पावणेदोनशे टिचक्या लागतील. कित्येक दुर्बिणींत मधल्या खुणेपासून तेवढी फिरायला जागाच नसते. बटण मध्येच अडते आणि नेम तरी खालीच राहतो. यावर कारागीर दुर्बिणीची मागची बैठक किंचित उंच करतात. बैठकीखाली पातळ पत्री घालतात किंवा उताराची बैठक बसवतात. मागचे टोक उंचावले की दुर्बीण नळीच्या मानाने पुढे खाली झुकते. नेम धरताना मग नळी आपोआप वर उचलली जाते आणि बटणाला पुन्हा वाव मिळतो. पत्री जाड घातली तर मात्र दुर्बीण धरणाऱ्या कड्या तिच्या नळीला पिळतात आणि आतली भिंगे हलतात. म्हणून माझे मत उताराच्या बैठकीकडे झुकते.

पण नेम बिघडण्याचे मूळ बहुधा बटणात नसतेच. जिप्सीतून जंगलातल्या खडबडीत वाटांनी बंदूक हिंदकळत येते आणि बैठकीचा स्क्रू अर्धा फेरा सैल होतो. कड्यांचे स्क्रू एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला ढिले असतात. किंवा दुर्बिणीतली उभी रेघ तिरकी बसलेली असते. तिरकेपणा तर फार महाग पडतो : बंदूक दहा अंशांनी कलली, की वीस मीटरवर डार्ट दहा सेंटिमीटर बाजूला जातो. भरून ठेवलेली बंदूक मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात पडली, तर आतला गॅस तापून दाब चढतो. म्हणून झाडण्याआधी दाबाचा काटा पुन्हा पाहावा लागतो. सरावासाठी पाण्याने भरलेला, तेवढ्याच वजनाचा डार्ट घेऊन निशाण्यावर १०, २०, ३० मीटरचे दाब लिहून काढणे, जंगलात मोजयंत्राने अंतर मोजणे आणि बटणाला हात न लावता त्या तक्त्याप्रमाणे दाब ठेवणे, हीच खरी दुरुस्ती. तक्ता बनवण्याचे काम मोहिमेच्या आदल्या दिवशीचे आहे.

एवढा खल एका डार्टसाठी कशाला, असे कुणी विचारील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, वाघ पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येणार नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. त्यामुळे वाघाचा जीव आणि गावाची सुटका, दोन्ही त्या सिरिंजवर अवलंबून असतात. उदाहरणार्थ, सीटी-१ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागात १३ माणसे मारली होती. १३ ऑक्टोबर २०२२ ला त्याला वडसा वनक्षेत्रात बेशुद्ध करून पकडले आणि नागपूरच्या गोरेवाड्याला नेले. १३ घरांचे दुःख त्याने भरून येत नाही, पण मोहफुलाला आणि तेंदूपानाला जाणाऱ्या बायाबापड्यांच्या मागची त्या वाघाची धास्ती संपली, तीही वाघाला न मारता.

डार्ट लागल्यावरही वाघ लगेच पडत नाही. औषध चढायला काही मिनिटे जातात आणि तेवढ्यात तो झुडपात शिरतो. मागे गर्दी, आरडाओरडा, मोबाइल घेऊन पुढे सरकणारी पोरे असली की तो बिथरतो, हलता राहतो, आणि नेमबाजाला अंतर मोजायला क्षणही मिळत नाही. पुढच्या वेळी गावात पथक आले, तर कृपया शिवारातल्या माणसांना घरी बोलवा, गुरे बांधा आणि वनरक्षक सांगेल त्या रेषेच्या मागे थांबा.