अरण्याची मोजदाद करणारा पेशा

“उपग्रहाने काढलेली जंगलाची चित्रे पाहत बसायचे, हा काय पोटापाण्याचा धंदा झाला?” असे विचारणाऱ्या पालकांचा उपहास करण्याचे मला काहीच प्रयोजन दिसत नाही, कारण ज्या पेशाला ना सनद, ना दारावरची पाटी, ना सोयरिकीच्या बोलण्यात चटकन सांगता येईल असे नाव, त्यात पोटच्या मुलीला घालताना कोणाचेही मन कचरणारच. मात्र नकार द्यायचाच, तर तो काम जवळून पाहून द्यावा.

ब्राझीलचे ॲमेझॉन अरण्य घ्या. तेथे रान सरसकट तोडून कुरण केले, तर ते आकाशातून सहज दिसते, आणि ‘इनपे’ ही त्या देशाची अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून त्याची वार्षिक मोजणी करीत आली आहे. परंतु हेक्टरी चार-दोनच मोलाचे वृक्ष, महोगनी किंवा इपे, हेरून नेले आणि बाकीचे रान उभे राहिले, म्हणजे वरून छत्र अखंडच भासते. लँडसॅट या उपग्रहमालिकेच्या चित्रातील एक बिंदू हा जमिनीवरचा ३० मीटर बाजूचा चौरस. त्यात हिरवी पाने, वाळक्या फांद्या, उघडी माती आणि सावली या सर्वांचा प्रकाश एकत्र कालवलेला असतो. तो गणिताने वेगळा केला, आणि वाळक्या लाकडाचा व मातीचा वाटा कोठे वाढला हे पाहिले, की ओंडके रचण्याच्या जागा आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा उमटू लागतात. संशोधक ग्रेगरी आस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने १९९९ ते २००२ या काळाची छाननी केली, तेव्हा लाकूडतोडीच्या पाच प्रमुख राज्यांत दरसाल सुमारे १२ ते २० हजार चौरस किलोमीटर अरण्य असे विरळ होत असल्याचे २००५ साली उघड झाले. सरसकट तोडीच्या हिशेबात हे क्षेत्र धरलेलेच नव्हते. शिवाय दोन-तीन पावसाळ्यांत झुडपे माजून पुरावा पुसला जातो. ढगांची आडकाठी तर नित्याचीच. म्हणून ढग भेदणाऱ्या रडारचे महत्त्व वाढले आहे, आणि २०२५ च्या जुलैत श्रीहरिकोट्याहून सुटलेला ‘निसार’ उपग्रह त्याच जातीचा आहे.

एवढ्यावरून ध्यानात यावे, की केवळ संगणकप्रणाली चालविता येणे ही या क्षेत्रातली विद्या नव्हे, जरी पुष्कळ जाहिराती तीच विकत असतात. प्रकाशाचे भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि थोडे वनस्पतिशास्त्र हा खरा पाया. पदवीनंतर देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था किंवा मुंबईची आयआयटी यांचा विचार करावा; पुण्यातही भूमाहितीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. कायम नेमणुका, सरकारी खात्यांत असोत वा नागपूरच्या राज्य सुदूर संवेदन केंद्रात, मोजक्याच; बरेचसे काम प्रकल्पापुरत्या करारावर चालते, हे पालकांपासून लपवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.

पण परीक्षा फुकट घेता येते. लँडसॅटची चित्रे २००८ पासून विनामूल्य आहेत, ‘क्यूजीआयएस’ ही नकाशे हाताळण्याची संगणकप्रणालीही तशीच. बारावीच्या सुट्टीत मुलीने आपल्याच तालुक्यातील एखाद्या डोंगराची दहा वर्षांच्या अंतराची दोन चित्रे शेजारी लावावीत, फरक दिसेल तेथे खूण करावी, आणि मग उन्हातान्हात चढून जाऊन त्या खुणेची जागेवर शहानिशा करावी. चढण्याचा तिला कंटाळा आला, तर फीचे पैसे खुशाल दुसरीकडे गुंतवावेत.