चंचल मन आणि श्वासाचा अभ्यास

देवापुढे आपण हात जोडतो, डोळे मिटतो. परंतु मन मात्र मुलाच्या नोकरीकडे, घराच्या हप्त्याकडे धावत असते. दर्शन घेऊन परतताना खंत वाटते. ही खंत जुनीच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात प्रत्यक्ष अर्जुनाने ही अडचण भगवंतापुढे मांडली आहे. भगवंतांनी त्यास दोष न देता अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. पतंजलींच्या योगसूत्रांतही हेच दोन उपाय येतात, आणि चित्त प्रसन्न करण्याच्या साधनांत श्वासाच्या नियमनाचाही उल्लेख आढळतो.

श्वासच का? राग आला की श्वास जलद होतो, भयाने तो अडखळतो, गाढ निद्रेत संथ होतो. मन पकडू म्हणता हाती येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून तो सावकाश सोडला असता शरीरास विसावा मिळू लागतो.

या विद्येची शास्त्रीय कसोटी घेण्यासाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. पुढे २००१ साली इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ झाल्याचे त्यांस दिसले. शेजारच्या ख्रिस्ती घरातील तेर्स आणि आपल्या घरातील जप ऐकत वाढलेल्या आम्हां गोवेकरांस याचे नवल वाटू नये.

मार्च २०१८ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने खाणींचे काम थांबले, तेव्हा आपल्या डिचोली तालुक्यातील कित्येक घरांची झोप उडाली. दारात ट्रक उभा आणि डोक्यावर कर्ज असता श्वास मोजून हप्ता फिटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु अस्वस्थ मनाने हिशेबही नीट होत नाही, आणि सारा राग घरच्या माणसांवर निघतो. मन स्थिर झाले म्हणजे निदान पुढचे पाऊल विचाराने टाकता येते.

अभ्यास सोपा आहे. दिवेलागणीनंतर समईपुढे पाठ ताठ ठेवून बसावे; वृद्धांनी खुर्चीवर बसावे. नाकाने श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजावे, सोडताना सहापर्यंत. असे पाच मिनिटे करावे. मग मोजणे सोडून कुलदेवतेचे नाम घ्यावे. मन पळाले तर न चिडता त्यास परत आणावे. हे पुनःपुन्हा परत आणणे म्हणजेच अभ्यास होय. श्वास कोंडून धरू नये. चक्कर आल्यास थांबावे. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. अनेक दिवस झोप येत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते मनात न ठेवता घरच्यांस सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

मयेच्या तळ्यावर वारा असला की काठच्या झाडांची प्रतिमा मोडते. वारा पडला की तीच पुन्हा स्पष्ट दिसते. आपण घरच्या मुलांसह आजच्या दिवेलागणीपासून पाच मिनिटे या अभ्यासास द्यावीत, आणि देवीने सर्वांच्या चित्तास स्थैर्य द्यावे, हीच प्रार्थना.