संभाव्यता आणि कर्मणी प्रयोग : इंग्रजीतील काही वाक्यरचना आणि मराठी गद्य

इंग्रजीतील वृत्तलेखन, न्यायालयीन निकालपत्रे, वैज्ञानिक अहवाल आणि वाङ्मयेतिहास यांत एक वाक्यप्रकार वारंवार आढळतो. त्यात क्रिया कर्मणी असते आणि तिच्याजोडीला संभाव्यता सांगणारा शब्द वा शब्दबंध येतो. 'द हाउस इज लाइकली टु बी सोल्ड', 'द लेटर मे हॅव बीन फोर्ज्ड', 'द पोएम इज बिलीव्हड टु हॅव बीन रिटन इन प्रिझन' ही त्याची साधी उदाहरणे होत. अशा प्रत्येक वाक्यासंबंधी दोन प्रश्न उद्भवतात. कृती कोणी केली, हा पहिला. आणि ती घडली असावी किंवा घडेल हे अनुमान कोणाचे, हा दुसरा. कर्मणी प्रयोगाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाकले जाऊ शकते, हे व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही काही रचनांत झाकले जाते, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने इंग्रजीतील रचनांचा, आणि त्यांच्या छायेत वाढलेल्या मराठी संशोधनपर गद्याचा विचार केला आहे.

१. संभाव्यतेची तीन स्थाने

इंग्रजीत संभाव्यतेचा निर्देश प्रामुख्याने तीन ठिकाणी होतो. पहिले स्थान साहाय्यक क्रियापदाचे. 'मे', 'माइट', 'मस्ट', 'कुड' यांपैकी एखादे क्रियापद 'बी' या धातूच्या आधी येते : 'मे बी सोल्ड', 'मस्ट हॅव बीन सोल्ड'. येथे अनुमान बोलणाऱ्याचे स्वतःचे असते. 'प्रॉबेबली' हे क्रियाविशेषणही याच गटात मोडते. ते सामान्यतः पहिल्या साहाय्यक क्रियापदानंतर येते ('विल प्रॉबेबली बी सोल्ड'). नकार संक्षिप्त रूपात असेल तर मात्र त्याच्या आधी येते ('प्रॉबेबली वोन्ट बी सोल्ड'). अमेरिकन इंग्रजीत 'विल लाइकली बी सोल्ड' ही रचना सर्रास चालते. ब्रिटिश वळणाच्या लेखनात मात्र क्रियाविशेषण म्हणून 'लाइकली' वापरताना त्याच्या आधी 'व्हेरी' किंवा 'मोस्ट' जोडण्याची रीत जुनी आहे.

दुसरे स्थान विशेषणाचे : 'इज लाइकली टु बी सोल्ड'. 'अनलाइकली', 'सर्टन', 'शुअर' ही विशेषणेही अशीच चालतात. अर्थाने जवळची असूनही 'प्रॉबेबल' आणि 'पॉसिबल' ही विशेषणे या साच्यात बसत नाहीत. 'इट इज प्रॉबेबल दॅट द हाउस विल बी सोल्ड' असे म्हणता येते. 'द हाउस इज प्रॉबेबल टु बी सोल्ड' असे म्हणता येत नाही. अर्थावरून रचना सिद्ध होत नाही, ती शब्दागणिक शिकावी लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरे स्थान कथनवाचक वा मतवाचक क्रियापदाचे आणि तेही कर्मणी रूपात : 'इज सेड टु', 'इज थॉट टु', 'इज बिलीव्हड टु', 'इज अलेज्ड टु'. येथे एका वाक्यात दोन कर्मणी रूपे एकत्र येऊ शकतात. एक मताचे, दुसरे कृतीचे.

२. 'लाइकली' कोणाचे विशेषण?

'द कमिटी इज लाइकली टु रिजेक्ट द प्रपोजल' हे वाक्य कर्मणीत नेले तर 'द प्रपोजल इज लाइकली टु बी रिजेक्टेड बाय द कमिटी' असे होते. दोन्ही वाक्यांची सत्यता एकच आहे. एक खरे ठरले तर दुसरे खोटे ठरू शकत नाही. आता 'लाइकली'च्या जागी 'ईगर' म्हणजे उत्सुक हे विशेषण घालून पाहावे. 'द डॉक्टर इज ईगर टु एक्झामिन द पेशंट' यात उत्सुकता डॉक्टरची आहे. 'द पेशंट इज ईगर टु बी एक्झामिन्ड बाय द डॉक्टर' यात ती रुग्णाची होते. प्रयोग बदलताच अर्थ बदलला. बाह्यतः दोन्ही विशेषणे एकाच साच्यात बसतात. परंतु 'ईगर' हे उद्देश्याचा गुण सांगते, तर 'लाइकली' हे उद्देश्याविषयी काहीच सांगत नाही. ते संपूर्ण घटनेविषयीचे विधान आहे, केवळ व्याकरणाच्या सोयीसाठी उद्देश्याला चिकटलेले. १९६० च्या दशकातील रचनांतरणवादी व्याकरणाने बाह्य रचना आणि तिच्या मुळाशी असलेले अर्थसंबंध यांत जो भेद केला, त्याला अशा जोड्यांचा मोठा आधार होता.

'सर्टन' या विशेषणात हा भेद एकाच शब्दात दिसतो. 'ही इज सर्टन टु बी इलेक्टेड' यात खात्री बोलणाऱ्याची आहे. उमेदवार कदाचित हताश होऊन घरी बसलेला असेल. 'ही इज सर्टन ऑफ बीइंग इलेक्टेड' यात खात्री उमेदवाराची आहे. बोलणाऱ्याला ती हास्यास्पदही वाटत असेल. पहिल्या वाक्याचे मराठी 'तो निवडून येणार हे निश्चित' असे होईल, दुसऱ्याचे 'आपण निवडून येणार याची त्याला खात्री आहे' असे. भाषांतरात या दोहोंची गल्लत झाली तर एकाचे मत दुसऱ्याच्या तोंडी जाते.

३. अनुमान करणाऱ्याचा लोप

तिसऱ्या स्थानातील रचनांत ही गल्लत अधिक सूक्ष्म होते. 'ही इज सेड टु हॅव बीन पॉयझन्ड' या वाक्यात विष घालणारा अनुक्त आहे आणि तसे म्हणणाराही अनुक्त आहे. लक्षणीय गोष्ट अशी, की 'से' या क्रियापदाची ही रचना कर्तरीत होतच नाही. 'दे से ही वॉज पॉयझन्ड' असे म्हणता येते. परंतु 'दे से हिम टु हॅव बीन पॉयझन्ड' हे इंग्रजीत अशुद्ध आहे. 'रूमर्ड' या शब्दाचीही स्थिती तीच. प्रचलित इंग्रजीत तो या अर्थाने कर्मणी रूपातच वावरतो. म्हणजे या वाक्यांत बोलणारा नंतर गाळला गेलेला नाही. त्याला प्रथमपुरुषी वा तृतीयपुरुषी कर्ता म्हणून जागाच ठेवलेली नाही. 'इज अलेज्ड टु हॅव बीन' ही रचना न्यायालयीन वार्तांकनात रूढ होण्याचे कारणही हेच. वृत्तपत्र आरोप पोहोचवते, परंतु तो आपला म्हणून उच्चारत नाही.

या रचनांत काळही दुहेरी असतो. 'इज थॉट टु हॅव बीन रिटन' यात मत आजचे आहे आणि लेखन पूर्वीचे. 'वॉज थॉट टु हॅव बीन रिटन' यात मतही पूर्वीचे होते. त्यामुळे 'परंतु आता तसे वाटत नाही' हे पुढील वाक्य इंग्रजी वाचक मनातल्या मनात अपेक्षितो. नकाराच्या बाबतीत 'मे नॉट हॅव बीन रिटन' म्हणजे लिहिले गेले नसण्याचा संभव, तर 'कॅनॉट हॅव बीन रिटन' म्हणजे लिहिले गेले असणे अशक्य. हे अंतर एका अक्षराचे वाटले तरी पुराव्याच्या दृष्टीने ते फार मोठे आहे.

४. शब्दाचे मोल किती?

अनुमान कोणाचे हे निश्चित असतानाही ते किती बळकट, हा प्रश्न उरतोच. अमेरिकन गुप्तवार्ता विभागातील विश्लेषक शर्मन केंट यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक अनुभव नोंदवला आहे. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याचा संभव किती, याविषयी त्यांच्या कार्यालयाने एक अंदाजपत्र तयार केले होते. त्यातील निष्कर्ष 'शुड बी कन्सिडर्ड' या कर्मणी क्रियापदाने आणि 'सीरियस पॉसिबिलिटी' या शब्दबंधाने सांगितला होता. केंट यांच्या मनात त्याचा अर्थ ६५ विरुद्ध ३५ असा होता. परराष्ट्र खात्यातील वाचकांनी तो याहून बराच कमी धरला होता. पुढे केंट यांनी स्वतःच्या सहकाऱ्यांनाच विचारले, तेव्हा उत्तरे २० विरुद्ध ८० पासून ८० विरुद्ध २० पर्यंत पसरलेली निघाली. एका वाक्याला सर्वांनी संमती दिली होती. परंतु प्रत्येकाने वेगळ्या विधानाला संमती दिली होती. कर्मणी क्रियापदामुळे 'हे कोणी मानावयाचे' हा प्रश्नही टळला होता.

यावर उपाय म्हणून केंट यांनी 'प्रॉबेबल' या शब्दाला सुमारे ७५ टक्के, त्यात १२ टक्क्यांची कमीजास्त सूट, असे मूल्य सुचवले. पुढे हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने २००१ च्या अहवालापासून अशीच कोष्टके वापरली. त्या मंडळाच्या सध्याच्या संकेतानुसार 'लाइकली' म्हणजे ६६ ते १०० टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० ते १०० टक्के. सामान्य भाषेत असे कोष्टक कोणी पाळत नाही. परंतु अनुमानाचे बळ वाचकाच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

५. मराठीचा मार्ग

मराठीत या सर्व अर्थांसाठी साधने आहेत, मात्र त्यांची वाटणी निराळी आहे. प्रथम परिभाषेतील एक अडचण दूर करावयास हवी. मराठी व्याकरणातील 'शक्य कर्मणी' प्रयोगात ('त्याच्याने काम करवते') जी शक्यता आहे ती सामर्थ्याची आहे. 'लाइकली'ची शक्यता संभवाची आहे. नाव सारखे असले तरी या दोहोंचा संबंध नाही. इंग्रजी कर्मणीशी रचनेने जुळतो तो नवीन कर्मणी प्रयोग ('चोर शिपायाकडून पकडला गेला'). परंतु कर्ता अनुक्त ठेवण्यासाठी मराठीला त्याची गरज क्वचितच भासते. 'अटक केली जाण्याची शक्यता आहे' यापेक्षा 'अटक होण्याची शक्यता आहे' हे मराठीचे सहज वळण आहे. मोडणे, फुटणे, तुटणे, होणे अशी अकर्मक क्रियापदे कर्त्याला न दुखावता बाजूला ठेवतात.

अनुमानाच्या बाबतीत मराठीची दोन साधने विशेष मोलाची आहेत. 'ही पोथी सोळाव्या शतकात लिहिली असावी' यातील 'असावी' हे अनुमान लिहिणाऱ्याचे स्वतःचे असल्याचे सांगते. त्याचे बळ 'असू शकेल'हून अधिक आणि 'असलीच पाहिजे'हून कमी असते. याउलट 'तो म्हणे काशीला गेला' यातील 'म्हणे' हे ऐकीव असल्याचे सांगते आणि विधानाची जबाबदारी लिहिणाऱ्यावरून उतरवते. मात्र त्याला बोलण्यातला सूर आणि किंचित अविश्वास असल्यामुळे औपचारिक गद्याने ते स्वीकारले नाही. ती जागा 'असे म्हटले जाते', 'असे मानले जाते', 'अशी शक्यता वर्तवली जात आहे' या इंग्रजी वळणाच्या शब्दबंधांनी भरून काढली.

या शब्दबंधांचा निषेध करण्याचे कारण नाही; प्रश्न त्यांच्या अचूक उपयोगाचा आहे. 'इज बिलीव्हड टु हॅव बीन' याचे भाषांतर 'असावी' असे केले तर इतरांचे मत लेखकाचे होते. 'मस्ट हॅव बीन' याचे भाषांतर 'असे मानले जाते' असे केले तर एका अभ्यासकाचा तर्क सर्वसंमत मत म्हणून मिरवतो. दुसरी चूक अधिक घातक, कारण ती पुढील अभ्यासकांचा मार्ग बंद करते. 'विवेकसिंधु हा मराठीतील आद्य ग्रंथ मानला जातो' हे विधान पाठ्यपुस्तकांत स्थिरावले आहे. शके १११० म्हणजे इ. स. ११८८ हा कालनिर्देश ज्या ओवीत येतो तिच्या प्रामाण्याविषयी मतभेद आहेत, आणि ग्रंथाची उपलब्ध भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन वाटते असा आक्षेपही घेतला गेला आहे. 'मानला जातो' या दोन शब्दांत हा सारा वाद बुजून जातो. कोणी मानले, कोणत्या पुराव्यावर आणि कोणी नाकारले, हे विद्यार्थ्याने विचारावे अशी फटच त्या वाक्यात राहत नाही.

सारांश, इंग्रजीतील या रचनांचा अभ्यास मराठीच्या अभ्यासकाला केवळ भाषांतरासाठी उपयोगी नाही. कर्मणी प्रयोगातून कर्ता लोपला तर पुष्कळदा फारसे बिघडत नाही. पोथीचा लेखनिक अज्ञात असणे हे वास्तवच असू शकते. अनुमान करणारा मात्र अज्ञात नसतो. तो एक तर लिहिणारा स्वतः असतो किंवा नाव घेता येईल असा पूर्वसूरी असतो. प्रबंधात 'असे मानले जाते' लिहिताना त्या दोघांपैकी कोण, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. पहिला असेल तर 'असावे' लिहावे आणि कारण द्यावे. दुसरा असेल तर त्याचे नाव लिहावे. यांपैकी काहीच करता येत नसेल, तर ते विधान अद्याप संशोधनाच्या कक्षेत आलेले नाही, असेच समजणे योग्य ठरेल.