माझा नंबर लागेल का?

पुणे विद्यापीठात फिजिक्सचं एम.एस्सी. करताना आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था रोज डोळ्यांसमोर असायच्या; दोन्ही त्याच आवारात. तिथे पीएचडीला माझा नंबर लागेल का, हे मी भेटेल त्याला विचारायचे. आता मुलंमुली मला विचारतात. त्यांना मी हे सांगते.

१. टक्क्यांवरून अंदाज बांधू नका. एम.एस्सी.चे टक्के फॉर्म भरायला लागतात. मुलाखतीचं बोलावणं बहुतेक ठिकाणी नेट, गेट किंवा जेस्ट या परीक्षांच्या गुणांवर येतं. पुढे निवड होते ती मुलाखतीत. हे तीन टप्पे आहेत. प्रत्येकाचा अंदाज वेगळा घ्या.

२. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. नेटचा पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. त्यात एकट्या 'क' विभागाला १०० गुण. मी आधी उत्तरं शेजारी ठेवून सोडवायचे आणि सगळं येतंय असं वाटायचं. घड्याळ लावलं, चुकीच्या उत्तरांचे गुण वजा केले, तेव्हा ६२ आले. पाच पेपरांचे गुण वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. त्यांची सरासरी ही तुमची खरी पातळी. सगळ्यांत चांगला पेपर नव्हे.

३. मुलाखतीची तयारी फळ्यावर करा. पहिल्या मुलाखतीत मला दोलकाची वारंवारता विचारली. मी सूत्र झटकन लिहिलं. पुढचा प्रश्न आला, "कुठल्याही स्थिर संतुलनाजवळ छोटी कंपनं बहुधा अशीच का असतात?" माझा हात फळ्यावर थांबला. किमान बिंदूपाशी स्थितिज ऊर्जेचा पहिला अवकलज शून्य होतो, म्हणून टेलर विस्तारात वर्गाचं पद उरतं आणि वक्र तिथे पॅराबोलासारखा दिसतो. हे बी.एस्सी.ला शिकले होते, पण कुणाला समजावून कधी सांगितलं नव्हतं. माझी निवड झाली नाही. नंतर रोज संध्याकाळी मैत्रिणीसमोर एक प्रश्न फळ्यावर मांडू लागले. मला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

४. एकाच दारावर बसून राहू नका. जेस्टचे गुण अनेक संस्था धरतात, टीआयएफआरची परीक्षा वेगळी, पाषाणच्या आयसरची मुलाखत वेगळी. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर विद्यापीठांतही वाट निघते. नेहमीच्या गुणांवर जिथे बोलावणं येईल अशा दोन-तीन जागा यादीत हव्यातच.

५. संस्थेत काम काय चालतं ते बघून या. नारायणगावजवळ खोडदला एनसीआरएच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात. तिथे उभी राहिले तेव्हा कळलं, खगोलशास्त्राला इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग येणारी माणसंही लागतात. मी प्रोजेक्ट बदलला, आणि पुढच्या मुलाखतीत माझ्याजवळ बोलायला स्वतःचं काम होतं.

६. घरी आधीच बोलून ठेवा. एक वर्ष जादा जाऊ शकतं. "आणखी एक वर्ष?" असं बाबांनी विचारलं, तेव्हा मी वहीचं शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. सहा महिन्यांत ६२ चे १०४ झाले होते. बाबांनी सगळे आकडे एकेक करून वाचले आणि म्हणाले, "मग दे अजून एकदा."