मातंगांची विहीर

श्रीगोविंदप्रभूंच्या ऋद्धिपूर येथील लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या. त्यांत मातंगांच्या विहिरीची लीळा आहे. ती आकाराने लहान असल्याने वाचक पुष्कळदा ती ओलांडून पुढे जातो. पाण्यावाचून आमचे हाल होतात, अशी मातंगांनी श्रीप्रभूंस विनवणी केली. श्रीप्रभूंनी स्थान दाखविले. तेथे खणता पाणी लागले. कथाभाग एवढाच.

या लीळेचे निरूपण बहुधा ईश्वरी सामर्थ्याचा प्रत्यय म्हणून केले जाते. ते यथार्थच आहे. परंतु विनवणी कोणी केली, इकडेही अभ्यासकाने लक्ष द्यावे. ऋद्धिपुरास इतर वर्णांची वस्ती होती, आणि ती वस्ती पाण्यावाचून राहत नव्हती. तहान मात्र मातंगांच्या वाट्यास आली होती. म्हणजे हे अवर्षण आकाशातून पडलेले नव्हते. गावाच्या रीतीने ते निर्माण केले होते. श्रीप्रभू काण्वशाखीय ब्राह्मणकुळात अवतरले असता मातंगांच्या घरी जात-येत, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे ही विनवणी त्यांच्याचकडे का आली ते कळते.

येथे एक आक्षेप संभवतो. मातंगांस निराळी विहीर दिल्याने गावाची मूळ विहीर त्यांना बंदच राहिली. मग न्याय झाला तो कोणता? आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. सामाईक पाण्यावरील अधिकार हा निराळा प्रश्न होता. तो प्रकटपणे मांडला गेला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. आणि न्यायालयातील त्याचा अखेरचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. तथापि तेराव्या शतकातील या लीळेने एक क्रम घालून दिला. पाणी शोधावयाचे ते ज्याला मुळीच नाही त्याच्यासाठी प्रथम.

हा क्रम आजच्या व्यवहारात कोठे बसतो, हे पाहण्यास उमरीचा परिसर सोयीचा आहे. मुदखेड-धर्माबाद लोहमार्गावरील हे गाव गोदावरीच्या उत्तरेस आहे. नांदेड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो थोडा म्हणता येणार नाही. परंतु काळ्या मातीखालचा कठीण पाषाण पाणी फारसे साठवीत नाही, आणि नदी तर ते पुढेच घेऊन जाते. यास्तव धर्माबाद तालुक्यात बाभळी येथे बंधारा झाला. खाली तेलंगणात पोचमपाडचे जलाशय असल्याने त्या बंधाऱ्यावरून दोन राज्यांत वाद उत्पन्न झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याची दारे उघडी ठेवावयाची; पावसाळा सरल्यावर २.७४ अब्ज घनफूटपर्यंत पाणी अडवावयाचे. आणि १ मार्चला त्यातून ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावयाचे. राज्याराज्यांतील वाटणी इतकी काटेकोर, की तिला तारीखवार आहे.

गावातील वाटणीला मात्र असे काही नाही. अडविलेले पाणी ज्याची जमीन काठाला आहे आणि ज्याला मोटार बसविण्याची ऐपत आहे त्याच्या शेतात प्रथम जाते. काठापासून दूर असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याची पाळी पुढे, आणि भूमिहीनाची पाळीच नाही. न्यायालयाकडे यासाठी बोट दाखविता येत नाही. त्याच्यापुढील वाद राज्यांचा होता, घरांचा नव्हता.

घरांचा वाद सोडविण्याचा एक प्रयत्न याच महाराष्ट्रात झाला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर जमीन खंडाने घेतली आणि पाणी अडवून तिच्यावर प्रयोग केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाहावे. पाणी जमिनीच्या मानाने न देता माणसांच्या मानाने द्यावयाचे : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर. भूमिहीनासही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. उसाला बंदी. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उचलावयाचा.

यांतील अर्ध्या एकराची मर्यादा भिक्षाधर्म जाणणाऱ्यास अपरिचित वाटणार नाही. भिक्षुकाने अनेक घरी जावे, प्रत्येक घरून थोडके घ्यावे, एका घरावर भार घालू नये आणि वर्णभेद पाहू नये. घेणाऱ्याने घेण्याला सीमा घातली की देणाऱ्याचे घर टिकते. भूगर्भातील पाण्याचेही तसेच आहे. ज्या खोऱ्यात उसासाठी उपसा चालतो तेथे काही वर्षांनी शेजाऱ्याची विहीर आटते आणि मग उपसणाऱ्याचीही आटते. पाणी टिकविणे आणि पाणी वाटणे ही दोन कामे वेगळी करून पाहणाऱ्यांनी बहुधा दोन्ही बिघडविली आहेत.

पाणी पंचायतीच्या सर्व योजना टिकल्या असे मात्र म्हणता येत नाही. उपशाचा वीजखर्च सोसेना, मतभेद झाले, काही योजना बंद पडल्या. उसाचा मोह तर बंदीने मिटत नाही. तरीही भूमिहीनाला पाण्याचा धनी करणारा नियम लेखी झाला आणि काही गावांनी तो पाळून दाखविला, हे विसरता येत नाही.

२००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यात पाणीवापर संस्थांस पाणी मोजून द्यावयाची तरतूद आहे आणि ती स्तुत्य आहे. पण संस्थेचे सभासदत्व जमीनधारकास. ज्याच्यापाशी जमीन नाही त्याचे नाव त्या पटावर नाही. ऋद्धिपुरच्या मातंगांना निदान विनवणी करण्यास एक दार होते. उमरीच्या शिवारातील मजुराने ती कोणापुढे करावी, हे अद्याप कोणी ठरविलेले नाही.